भगभग चालेल, सणक नाही : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पट्टा बांधून करायचा व्यायाम

“मॅडम, मांडी पेटून राहिली ना!”

“आणि गुडघा?”

“गुडघ्याचं काई नाई. मांडीच भगभगून राहिली.”

काटोलकडचा कबड्डी खेळणारा पोरगा. लिगामेंटचं ऑपरेशन होऊन चौथा आठवडा, मांडीच्या मुळाशी हवेचा पट्टा, घोट्याला जेमतेम एक किलोचं वजन. चेहरा मात्र असा, जणू कोणी दोन पोती कापूस पाठीवर दिलाय. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, म्हणून मी म्हटलं, “चल, अजून पंधरा.” बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला गेल्या काही वर्षांत पाठ झाली आहे. पोराचा पाय आवळून बांधलाय, पोरगं कळवळतंय आणि ही बाई आकडे मोजतेय!

या पद्धतीला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन म्हणतात, बोलताना नुसतं बीएफआर. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत फिजिओथेरपीच्या पाट्या पावलोपावली आहेत आणि त्यांतल्या काही ठिकाणी हा पट्टा आता दिसू लागला आहे. लोक येऊन विचारतात, “हे नसा दाबायचं काय नवीन काढलं?” हा लेख त्यांच्यासाठी आणि ज्यांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हा व्यायाम सुचवला गेला आहे त्यांच्यासाठी. सर्वांत जास्त लिहिणार आहे ते दुखण्याबद्दल, कारण पट्टा अर्ध्यावर सोडणारे बहुतेक जण चुकीच्या दुखण्याला घाबरून सोडतात आणि काही थोडे खऱ्या धोक्याचं दुखणं अंगावर काढतात.

आधी हे समजून घ्या : मांडी का वाळते?

ऑपरेशन गुडघ्याचं आणि बारीक होते मांडी. यात सर्जनचा दोष नसतो. सांध्यात पाणी झालं की गुडघ्याकडून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारा हुकूमच कमी होतो. त्यासाठी फार पाणीही लागत नाही. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे द्रव सांध्यात आला की मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीच्या वरचा स्नायू मंदावतो. रुग्ण जीव खाऊन पाय आवळतो आणि स्नायू जागचा हलत नाही. आमच्या भाषेत “मांडी झोपली”. सांधा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहूनही कमी राहते.

आता अडचण अशी की स्नायू पुन्हा भरायचा तर एरवी वजन जड लागतं. तुम्ही एकदाच कसंबसं उचलू शकाल अशा वजनाच्या साधारण ७० टक्के. नुकतंच बसवलेलं लिगामेंट, शिवलेली गादी (गुडघ्याच्या आतला मेनिस्कस), सुजलेला सांधा यांवर एवढा भार टाकायला कोण तयार होईल? हलकं वजन गुडघ्याला सोसतं, पण एरवी त्यानं स्नायू जागा होत नाही.

पट्टा नेमकी ही कोंडी फोडतो. मांडीच्या मुळाशी तो फुगवला की पायात येणारं रक्त कमी होतं आणि परत जाणारं जवळपास अडतं. पंधरा-वीस वेळा पाय हलवला की स्नायूतला प्राणवायू घटतो, लॅक्टेट आणि आम्ल साचतं. एरवी जड वजनालाच पुढे येणारे मोठे, ताकदीचे तंतू मग २०-३० टक्के वजनावरच कामाला लागतात. स्नायूला वाटतं डोंगर चढतोय. गुडघ्यावर भार मात्र एका पिशवीचा.

ही कल्पना जपानची. १९६६ साली योशिआकी सातो नावाचा तरुण एका बौद्ध विधीत पाय दुमडून बराच वेळ बसला आणि पोटऱ्या अशा भरून आल्या की जोराचा व्यायाम केल्यावर येतात तशाच. आपल्याकडे पंगतीत मांडी घालून तासभर बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तर आपण पाय झटकतो आणि विसरतो. त्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या पायावर पट्टे बांधून पाहिले. त्या पद्धतीला जपानीत ‘कात्सु’ म्हणतात. २००० साली जपानमध्येच लिगामेंटच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज थोडा थोडा वेळ नुसता पट्टा आवळून सोडला गेला, कुठलाही व्यायाम नाही. ज्यांना लावला नाही त्यांची मांडी पुढून सुमारे २१ टक्के वाळली, लावलेल्यांची सुमारे ९ टक्के. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या २८ रुग्णांच्या अभ्यासात एका गटानं ७० टक्के वजन उचललं, दुसऱ्यानं पट्टा बांधून ३० टक्के. आठ आठवड्यांनी मांडीची जाडी आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली होती. पट्टेवाल्यांच्या गुडघ्याचं दुखणं आणि सूज मात्र कमी होती. व्यायाम करताना स्नायू जास्त दुखला तोही त्यांचाच.

म्हणजे पट्टा दुखणं नाहीसं करत नाही. सांध्यातलं दुखणं उचलून तो स्नायूत नेऊन ठेवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी पहिली : पट्ट्याला हात लावण्याआधीचे प्रश्न

सर्जनची परवानगी हवी, आणि तोंडी नको, कागदावर. कोणतं ऑपरेशन झालं, भार किती टाकायचा, गुडघा किती अंशांपर्यंत वाकवायचा, रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का, एवढं त्यावर असलं तरी पुरे. टाके निघून जखम कोरडी होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, मी स्वतः थांबते. सर्जननं त्याआधी सुरू करायला सांगितलं तर गोष्ट वेगळी.

पुढचे प्रश्न तुमच्या फिजिओनं विचारले नाहीत तर तुम्हीच सांगा. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का, घरात कोणाला झाली होती का. पायावर फुगलेल्या निळ्या नसा आहेत का. गरोदरपण, कॅन्सरचे उपचार, हृदयाचा त्रास, संततिनियमनाच्या गोळ्या. मधुमेहामुळे तळपाय बधिर आहेत का. असतील तर पट्टा जास्त आवळला गेलेला तुम्हाला कळणारच नाही. बीपी १६०/१०० च्या वर असेल त्या दिवशी मी पट्टा बाहेर काढत नाही. आणि कृपा करून खर्रा तोंडात ठेवून येऊ नका. तंबाखूनं नाडी आणि बीपी दोन्ही चढतात आणि मग मोजलेला आकडा तुमचा की खर्ऱ्याचा, हे कळत नाही. एका काकांना मी थुंकून, चूळ भरून, अर्धा तास पंख्याखाली बसवून पुन्हा मोजलं. आधीचा आकडा बराच उतरला. ते म्हणाले, “मंग मशीनच खराब असंन.”

आता विदर्भातल्या प्रत्येक रुग्णाला विचारायचा प्रश्न, जो बाहेरच्या माहितीपत्रकांत यादीच्या तळाशी बारीक अक्षरात असतो : सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

आपल्या भागात, आदिवासी समाजांत आणि इतरही अनेक समाजांत, सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला, आम्ल वाढलं किंवा अंगातलं पाणी घटलं की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. वर पट्टा काय करतो ते पुन्हा वाचा. प्राणवायू कमी, आम्ल जास्त, रक्त साचलेलं. तीच परिस्थिती आपण मुद्दाम एका पायात तयार करतो. ज्याला आजार आहे त्याला पट्टा नाहीच. जो नुसता वाहक आहे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो गुण आला आहे, त्याला अनेकदा काहीच त्रास नसतो आणि म्हणून स्वतःलाच माहीत नसतं. त्यालाही रक्तविकार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी पट्टा बांधत नाही.

तपासणी अवघड नाही. सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की आजारी हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यात चाळिशीच्या आतल्यांची तपासणी होते आणि कार्डही मिळतं. कार्ड असेल तर पहिल्या दिवशी घेऊन या. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हे पाहिलं असेलच असं धरून चालू नका, कागद उघडून बघा. लग्न जमवताना पत्रिकेबरोबर हे कार्डही बघा असं आपल्याकडे आता सांगतात. फिजिओच्या टेबलावरही ते आलं तर बरं.

पायरी दुसरी : दाब किती?

इथं सर्वांत जास्त गोंधळ होतो. “दीडशेवर ठेवा” असं कोणी सरसकट सांगत असेल तर उठून या. प्रत्येक पायाचा आकडा वेगळा असतो. जाड मांडीला जास्त दाब लागतो, बारीक मांडीला कमी. पट्टा रुंद असेल तर कमी, अरुंद असेल तर जास्त. झोपून मोजला तर वेगळा, बसून मोजला तर वेगळा.

पद्धत अशी. पाच मिनिटं शांत पडून राहायचं. ज्या स्थितीत व्यायाम करायचा त्याच स्थितीत मोजायचं. पट्टा मांडीच्या मुळाशी, जांघेजवळ. फिजिओ पावलाच्या वरच्या बाजूला किंवा आतल्या घोट्याच्या मागे जेल लावून पेनसारखा डॉपलर टेकवतो, रक्ताचा ‘हूश्श-हूश्श’ आवाज येतो. गरोदर बाईच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकवतात, तसलाच. मग पट्टा हळूहळू फुगवायचा. ज्या आकड्याला आवाज बंद पडतो, तो तुमचा पूर्ण बंद होण्याचा दाब. व्यायाम करायचा तो त्याच्या ४० ते ८० टक्क्यांवर. समजा आवाज १८० वर थांबला, तर ६० टक्के म्हणजे १०८. काही महाग यंत्रं हे आपोआप मोजतात. साधा मांडीचा पट्टा, हातपंप आणि डॉपलर एवढ्यावरही काम उत्तम होतं. हाताचं बीपी मोजायचा पट्टा मांडीला नको, तो अरुंद पडतो आणि मधोमध रुततो.

हा आकडा तुमच्या फाइलवर लिहून घ्या आणि दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला लावा. याबाबतीत माझीच एक चूक सांगते. सांधा बदललेल्या एका काकूंची मांडी ऑपरेशननंतर चांगलीच सुजलेली होती, तेव्हा दाब मोजला. तीन आठवड्यांत सूज उतरली, मांडी दोन बोटं बारीक झाली, आणि मी तोच जुना आकडा पंपावर चढवत राहिले. बारीक मांडीला तो दाब आता ६० टक्क्यांच्या वर गेला होता. काकू तिसऱ्या सेटला म्हणाल्या, “अगं, अंगठा माझा नाहीसा झाला.” पट्टा लगेच सोडला, दोन मिनिटांत अंगठा परत आला, पण त्यानंतर मी फाइलच्या पहिल्या पानावर दाबाशेजारी तारीख लिहिते.

सायकलची ट्यूब, ओढणी, जिममधला रबराचा पट्टा हे सगळं बाद. इंटरनेटवर बघून एका तरुणानं जिममध्ये इलॅस्टिक गुंडाळून घेतलं होतं. त्याला दाब किती आहे हे ना त्याला ठाऊक, ना बांधणाऱ्याला. मांडीवर लाल-निळी पट्टी उमटवून तो माझ्याकडे आला.

पायरी तिसरी : बांधणं

कातडीवर थेट बांधू नका. पातळ सुती पायजमा, लेगिंग किंवा मऊ नळीचं कापड मध्ये असू द्या. शिवण आणि घडी पट्ट्याखाली नको. खिसा रिकामा करा, मोबाइल आणि किल्ल्यांचे ठसे मांडीवर उमटलेले पाहिले आहेत. पट्टा न फुगवता आत दोन बोटं कशीबशी जातील इतपत आवळा. नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला. बायकांनी पडदा मागावा, बाई थेरपिस्ट हवी असेल तर आधीच सांगावं. पट्टा जांघेजवळच बसवावा लागतो आणि संकोचापोटी तो खाली गुडघ्याकडे सरकवला तर उपयोग होत नाही.

फुगवल्यावर पायाचा रंग पाहा. थोडा लालसर, जांभळट चालतो. पांढराफटक पडला तर रक्त आत येतच नाहीये, हवा कमी करा.

पायरी चौथी : आकडे

मोजणीचा ठरलेला मंत्र आहे : ३०-१५-१५-१५. एकूण ७५. मध्ये प्रत्येक वेळी ३० सेकंद विश्रांती, पट्टा फुगलेलाच. एका वेळेला तीन सेकंद धरली तर सगळं मिळून सव्वापाच मिनिटं होतात. मग हवा सोडायची, एक-दोन मिनिटं पायाला श्वास घेऊ द्यायचा, वाटलं तर दुसरा व्यायाम. आठवड्यातून दोन-तीन वेळा. वजन इतकं हलकं की पट्ट्याशिवाय तेच वजन तुम्ही गप्पा मारत तीस वेळा उचलाल. ऑपरेशन झालेल्या पायाची कमाल ताकद अजमावायला जाऊ नये, दुसऱ्या पायावरून अंदाज घ्यावा.

पहिल्या दिवशी मात्र ७५ करू नका. दाब ४० ते ५० टक्के, एकच व्यायाम, १५-१५-१० झाले तरी खूप. न सवयीच्या स्नायूला एकदम पिळलं तर दोन दिवस जिना उतरता येत नाही. क्वचित, अगदी क्वचित, स्नायू इतका मोडतो की लघवी काळ्या चहासारखी येते. तसं झालं तर थेट इस्पितळ गाठायचं.

पायरी पाचवी : कोणता व्यायाम, कधी

इथं थोडक्यात सांगते, कारण क्रम सर्जनच्या कागदावर अवलंबून आहे. सुरुवात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्यापासून. स्नायू जागाच होत नसेल तर सोबत विजेच्या पॅडनं हलका झटका देतात. वाटी मांडीकडे सरकताना दिसली की पुढचं पाऊल : पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर अजून टॉवेलवरच थांबा.

मग उंच खुर्चीवरून उठ-बस, लेग प्रेस, चार इंचांची पायरी, सायकल. लिगामेंट नवीन बसवलं असेल तर बसून पाय सरळ करायचा व्यायाम सुरुवातीला ९० ते ४५ अंशांतच, शेवटचे अंश नकोत. तिथं नव्या लिगामेंटवर ताण पडतो. गादी शिवली असेल तर भार टाकून खोल वाकणं बरेच आठवडे बंद. खाली बसून जेवायची, संडासला उकिडवं बसायची घाई तर कोणीच करू नये, आणि नागपुरात हे वाक्य मला दिवसातून चारदा बोलावं लागतं.

पायरी सहावी : दुखण्याला नाव द्या

डॉक्टर विचारतात, शून्य ते दहात किती दुखतं? लोक म्हणतात, “आठ.” या आठचं मी काय करू? भगभगीचा आठ आणि सणकेचा आठ यांत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत की आकड्याची गरज नंतर पडते. म्हणून मी रुग्णांना सांगते, आधी शब्द सांगा, मग जागा, मग आकडा.

भगभग, जळजळ, मांडी पेटणं. जागा : मांडीचा मांसल भाग, पट्ट्याच्या खाली. दुसऱ्या सेटपासून सुरू होते, शेवटच्या पंधरात कळस गाठते. साचलेल्या आम्लाची ही भाषा. दहात सात-आठ झाली तरी चालते. खूण अशी की पट्टा सोडल्यावर मिनिटभरात ती विझते आणि पायात ऊबदार लोंढा आल्यासारखं वाटतं. काटोलच्या पोराची हीच होती. ही सहन होत नसेल तर आधी दाब १० टक्क्यांनी उतरवा, वजन तेच ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सवय होते, आणि हे फक्त मनाचं नाही. तोच दाब नंतर खरोखर कमी बोचतो.

आवळ, रुतणं, चिमटा. जागा : पट्ट्याच्या काठाशी, बहुधा आतल्या बाजूला. पट्टा वाकडा बसलाय, घडी आली आहे किंवा अरुंद आहे. दात-ओठ खाऊन सोसू नका, सोडून पुन्हा बांधा.

मुंग्या, बधिरपणा, ‘पाय माझा नाहीच’. जागा : तळपाय, अंगठा. मज्जातंतू दबतोय. हवा सोडा. पाच मिनिटांत पूर्ण पूर्ववत झालं तर दाब नव्यानं मोजून पुढे जा. झालं नाही तर त्या दिवशी बस्स.

सणक, चमक, टोचणं. जागा : गुडघ्याच्या आत, वाटीखाली, टाक्यांच्या रेषेत, सांध्याच्या फटीत. एका ठरावीक कोनात येते आणि विजेसारखी जाते. ही चालणार नाही. दहात तीनच्या वर गेली तर सेट थांबवा, कोन कमी करा, तरी आली तर तो व्यायामच त्या दिवसापुरता रद्द. सणकेवर दाब वाढवून उपयोग नाही, कारण ती स्नायूची नाहीच. इथं मी फार कडक आहे. खेळाडू पोरं सणक लपवतात, “काई नाई मॅडम” म्हणतात, पण डोळ्याची पापणी सांगून जाते.

ठणका. हा व्यायामात येत नाही, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. गुडघा जड, गरम, कपड्यात घट्ट. म्हणजे सांध्यानं कालचा भार पचवला नाही. यासाठी घरात शिंप्याची टेप ठेवा. रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, वाटीच्या मधोमध घेर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. घेर एका सेंटिमीटरनं वाढला तर पुढचा दिवस बर्फ, पाय उंच, पट्टा नाही. मांडी दोन दिवस अंबून दुखतेय पण घेर तोच आहे, तर ती साधी व्यायामाची अंबूस. हलकं चाला, बरी होते.

पोटरीतली कळ. वेगळ्या परिच्छेदात लिहितेय कारण हिच्यात वेळ घालवायचा नाही. एकाच पायाची पोटरी दुखरी, घट्ट, गरम. दाबलं की कळ. बसून राहिलं तरी जात नाही. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून साधारण १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. दुखऱ्या पायाचा घेर ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर रक्ताची गाठ असू शकते. घेर सारखा असला तरी कळ टिकून असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. चोळू नका, तेल लावू नका, शेक देऊ नका. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं तर फिजिओला फोन करण्यात वेळ न घालवता १०८ ला करा.

आता गोळ्यांचं. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी ठरल्या वेळी घ्याच, विशेषतः सांधा बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत. दुखतंय म्हणून व्यायामच न करणं जास्त महाग पडतं. पण “आज पट्टा आहे” म्हणून एक जास्तीची घेऊन येऊ नका. सणक झाकली गेली तर मला दिसणार काय?

एक गंमत मात्र खरी आहे. पट्टा सोडल्यानंतर काही वेळ गुडघ्याचं मूळ दुखणंही कमी झालेलं असतं. वाटीच्या पुढच्या दुखण्यावर झालेल्या एका अभ्यासात हा परिणाम पट्ट्याच्या व्यायामानंतर पाऊण तासानेही टिकून होता. जोराच्या भगभगीला उत्तर म्हणून शरीर स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन, सोडतं हे त्याचं एक कारण मानलं जातं. या खिडकीचा फायदा घ्या : गुडघा वाकवायचा, ताणायचा जो व्यायाम एरवी नको वाटतो, तो पट्ट्याच्या लगेच नंतर करा. नागपूरच्याच महाल भागातल्या एका काकूंचे ९० अंशांवर अडलेले गुडघे याच क्रमानं पुढे सरकले. आधी पट्टा, मग वाकवणं. उलट क्रमानं महिनाभर नुसती रडारड झाली होती.

उन्हाळ्याची वेगळी ओळ

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हातून दुचाकीवर आलेल्या माणसाचं रक्त आधीच घट्ट, बीपी खाली. त्यावर पट्टा बांधला तर सोडताना चक्कर ठरलेली. म्हणून एप्रिल ते जून वेळ सकाळी आठच्या आत घ्या, घरून निघताना आणि पोहोचल्यावर पाणी प्या, आल्या आल्या पट्टा बांधून घेऊ नका. उपाशीपोटी नको, भरपेट जेवूनही नको. पट्टा सोडल्यावर दोन मिनिटं आडवं राहा आणि मगच उभे व्हा.

पायरी शेवटची : पट्टा सोडायचा केव्हा

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि काही ठिकाणी तो मुद्दाम आठवणीत आणूनही दिला जात नाही, कारण पट्ट्याच्या बैठकीचे पैसे वेगळे लागतात. पट्टा हा पूल आहे. गुडघा जड वजन सोसायला लागला की ताकद वाढवायला जड वजनच चांगलं. हाडाला, लिगामेंटला मजबुती हवी तर त्यांच्यावर भार यावाच लागतो आणि तो पट्टा देऊ शकत नाही. मी साधारण असं बघते : सलग दोन आठवडे सकाळचा घेर वाढलेला नाही, एका पायावर लेग प्रेस विनासणक जमतो, पायरी उतरताना गुडघा थरथरत नाही. मग एक दिवस पट्टा, एक दिवस पट्ट्याविना जड वजन. तीन-चार आठवड्यांत पट्टा कपाटात. सांधा बदललेल्या आणि फार जड वजन पेलणार नाही अशा वयस्कांना मात्र तो अधिक काळ चालू ठेवता येतो.

काटोलच्या पोराचा पट्टा अकराव्या आठवड्यात सुटला. मांडी वाटीच्या वर वीतभर अंतरावर मोजली तेव्हा दुसऱ्या पायापेक्षा दीड सेंटिमीटर कमी भरली. सुरुवातीला हा फरक चार होता. टेप गुंडाळेपर्यंत त्याला दम नव्हता.

“मॅडम, दसऱ्याच्या सामन्याले उतरू का?”

ऑपरेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या हातात दिलं आणि नऊ महिने मोजायला सांगितलं. पोरगा बोटं मोजत मोजत मार्चपर्यंत गेला, पुन्हा मागे आला, पुन्हा मोजले. मार्चच आला.